ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले की माझ्या फोनवर दर वर्षी तेच प्रश्न यायला लागतात. विचारणारे कोण? कोलंबसला नव्याने एमएस करायला आलेली मुलं, सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेले आईबाबा, पुण्यातली मावशी, आणि 'या वर्षी तरी नीट समजावून सांग' म्हणणारा माझा चुलतभाऊ. मी एकोणीस वर्षं कोलंबसच्या डब्लिन उपनगरात राहते. ताई आणि भावोजी डेट्रॉईटजवळ नोव्हीत. म्हणजे सीमारेषा आमच्या घरातूनच जाते. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा सगळी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. शक्य तितकी निःपक्षपातीपणे. जिथे जमलं नाही तिथे तुम्हाला कळेलच.

१. हा नक्की कोणता सामना? सगळे याला नुसतं 'द गेम' का म्हणतात?

ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी, कोलंबस आणि युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन, ॲन आर्बर यांच्यातला अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक सामना. पहिला १८९७ साली ॲन आर्बरला झाला आणि मिशिगनने ३४–० असा धुव्वा उडवला. १९१८ पासून २०२० चा अपवाद सोडला (प्रश्न १५) तर एकही वर्ष चुकलेलं नाही. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारनंतरचा शनिवार, दुपारी बाराची वेळ, मोसमातला शेवटचा साखळी सामना. सम वर्षी कोलंबसला, विषम वर्षी ॲन आर्बरला. म्हणजे २०२६ चा आमच्या दारात.

बाकी सगळे सामने 'अमुकविरुद्धचा गेम' असतात. हा नुसताच 'गेम'. पुण्यात 'पेठेत जाऊन येते' म्हटल्यावर कुठली पेठ ते विचारावं लागत नाही, तसं.

२. फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तोच ना?

नाही. त्याला इथे सॉकर म्हणतात. यात चेंडू लंबगोल, बहुतेक वेळ हातात, आणि अंगावर चिलखत.

आईला मी समजावलं ते असं: चार चेंडूंत दहा धावा काढायच्या. काढल्या की पुन्हा चार चेंडू मिळतात, नाहीतर डाव समोरच्याकडे. चेंडू म्हणजे इथला 'डाऊन' आणि धावा म्हणजे यार्ड. असं शंभर यार्डांच्या मैदानावर पुढे सरकत पलीकडच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाऊन, सहा गुण. त्यावर लगेच एक लाथ मारून एक जादा गुण घ्यायचा, किंवा धाडस करून पुन्हा घुसायचं आणि दोन घ्यायचे. तिथवर पोचणार नाही असं दिसलं तर लांबूनच खांबांमधून चेंडू मारला की तीन गुण, त्याला फील्ड गोल म्हणतात. चौथ्या डाऊनला जमण्यासारखं नसेल तर चेंडू लांब टोलवून समोरच्यांना मागे ढकलायचं, त्याला पंट. एवढ्यावर पहिला सामना निभावतो. बाकी दर दोन मिनिटांनी जे लोळागोळा होऊन पडतात आणि पंच पिवळा रुमाल टाकतात, ते मलाही दर वेळी कळतंच असं नाही.

३. घड्याळात साठ मिनिटं दिसतात, मग चार तास काय करतात?

पंधरा मिनिटांचे चार भाग असतात, पण घड्याळ सारखं थांबतं. शिवाय जाहिराती, मध्यंतर आणि बँड. साडेतीन तास धरून चाला.

४. कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला लाख माणसं? काहीही!

मलाही पहिल्या वर्षी अतिशयोक्ती वाटली होती. ॲन आर्बरचं मिशिगन स्टेडियम १९२७ साली उघडलं. आज त्याची अधिकृत क्षमता १,०७,६०१, अमेरिकेत सगळ्यात मोठं. कोलंबसचं ओहायो स्टेडियम त्याहून पाच वर्षांनी थोरलं, क्षमता १,०२,७८०, आकार घोड्याच्या नालेसारखा, म्हणून त्याचं लाडकं नाव 'हॉर्सशू'. वानखेडे तीनदा भरा, तरी ही दोन्ही भरणार नाहीत. आणि हे फक्त या सामन्याला नाही, मोसमभर.

मिशिगनच्या आकड्यातला शेवटचा 'एक' लक्षात घ्या. फ्रिट्झ क्रिसलर या त्यांच्या जुन्या प्रशिक्षकासाठी राखलेली ती एक खुर्ची. नक्की कुठली, हे कुणाला माहीत नाही. आपण श्राद्धाला एक पान वेगळं वाढतो ना, तसंच हे.

आता 'कॉलेज' या शब्दाबद्दल. कोलंबसमध्ये एनएफएलचा, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, संघच नाही. त्यामुळे राजधानीचं हे शहर सगळं प्रेम विद्यापीठावर उधळतं. ज्यांनी कधी विद्यापीठाची पायरी चढली नाही अशा प्लंबरच्या गाडीवरही ते लाल 'ओ' असतं. आपल्याकडे कॉलेजच्या नावाने गळे फाटेपर्यंत ओरडणं मी पाहिलं ते एकाच ठिकाणी, पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीला भरत नाट्य मंदिरात. तोच आवाज शंभर पटीने वाढवा, आणि ओरडणाऱ्यांत पंचाहत्तरीचे आजोबाही घाला.

५. पण एवढं भांडण कशावरून?

फुटबॉलच्या साठ वर्षं आधीपासूनचं आहे ते. टोलेडो शहर आणि आसपासचा पट्टा कुणाचा यावरून १८३५ साली ओहायो राज्य आणि तेव्हाचा मिशिगन प्रदेश समोरासमोर उभे राहिले. दोन्हीकडून फौज निघाली. याला टोलेडोचं युद्ध म्हणतात खरं, पण रक्त सांडलं ते एकदाच: मिशिगनच्या एका अधिकाऱ्याला चाकू लागला, तोही चाकू म्हणजे खिशातली छोटी सुरी. मारणाऱ्याचं नाव टू स्टिकनी. वडिलांनी थोरल्याचं नाव वन आणि धाकट्याचं टू ठेवलं होतं. खोटं वाटेल, पण नोंदीत आहे.

शेवटी वॉशिंग्टनने तोडगा काढला. टोलेडो ओहायोला, आणि बदल्यात मिशिगनला उत्तरेकडच्या द्वीपकल्पाचा मोठा भाग. मिशिगनने नाक मुरडत तो घेतला आणि जानेवारी १८३७ मध्ये त्याला राज्याचा दर्जा मिळाला. पुढे त्याच उजाड भागात तांबं आणि लोखंड सापडलं. भावोजी हे दर वर्षी ऐकवतात.

बेळगावच्या नुसत्या उल्लेखाने ज्यांच्या घरात जेवण थांबतं, त्यांना सीमाप्रश्न दोनशे वर्षं कसा टिकतो हे सांगायला नको. फरक एवढाच की इथे तो वर्षातून एकदा, पंचांसमोर, साडेतीन तासांत निकालात काढतात.

६. बर्फातल्या एका सामन्याबद्दल ऐकलंय. खरंच तसं झालं होतं?

२५ नोव्हेंबर १९५०, कोलंबस. हिमवादळ इतकं की मैदानावरच्या रेषा दिसेनात. तरी पन्नास हजारांहून जास्त लोक येऊन बसले. चेंडू हातात धरला तर निसटायचा, म्हणून दोन्ही संघ तो लाथाडून लांब पाठवत राहिले आणि समोरच्याची चूक व्हायची वाट बघत बसले. दोघांचे मिळून ४५ पंट झाले, त्यातले २४ मिशिगनचे. मिशिगनने अख्ख्या सामन्यात एकदाही दहा यार्ड पूर्ण केले नाहीत, एकही पास पोचला नाही. आणि तरी तेच जिंकले, ९–३. ओहायो स्टेटचे दोन पंट त्यांनी अडवले, त्यावरच सगळे गुण.

ही नुसती गंमत म्हणून सोडून देऊ नका. या पराभवानंतर ओहायो स्टेटच्या प्रशिक्षकांनी राजीनामा दिला आणि त्या जागी वुडी हेज आले. तो बर्फ पडला नसता तर पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

७. वुडी आणि बो, वुडी आणि बो... कोण आहेत हे?

वुडी हेज १९५१ ते १९७८ ओहायो स्टेटचे मुख्य प्रशिक्षक. तापट, अभ्यासू, लष्करी इतिहासाचे वेडे. मिशिगन हे नाव ते तोंडाने घ्यायचे नाहीत; 'ती वरच्या अंगाची टीम' म्हणायचे. पूर्वी आपल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, इथे शत्रूचं घेत नाहीत. आणि अजूनही तेच चालू आहे. माझ्या ऑफिसात नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात 'मिशिगन' म्हटलं तर लोक माझ्याकडे, मी शिवी दिल्यासारखं बघतात. मिशिगनच्या हद्दीत पेट्रोल भरायला नको म्हणून वुडींनी गाडी ढकलत ओहायोपर्यंत आणली, अशी एक गोष्ट सांगतात. दंतकथा समजा. पण इथे ती कुणी दंतकथा म्हणून सांगत नाही.

१९६८ साली ओहायो स्टेटने ५०–१४ असं चेचलं. सामना कधीच हातात आलेला, तरी शेवटच्या टचडाऊननंतर वुडींनी एकाऐवजी दोन गुणांचा प्रयत्न करायला लावला. जखमेवर मीठ चोळणं याहून वेगळं नसावं. मग मिशिगनने १९६९ साली नवा प्रशिक्षक आणला तो कोण? बो शेमबेकलर. ओहायोतच जन्मलेला, वुडींच्याच हाताखाली खेळलेला, त्यांचा सहायक म्हणून राबलेला. वुडींच्या प्रत्येक डावाची नस ठाऊक असलेला चेला. पहिल्याच वर्षी त्याने गुरूला २४–१२ हरवलं.

तिथून १९७८ पर्यंतची दहा वर्षं 'दहा वर्षांचं युद्ध' म्हणून ओळखली जातात. हिशेब: बो पाच, वुडी चार, एक बरोबरी. ती बरोबरी सगळ्यांत कडवट. १९७३, दोघेही अपराजित, १०–१०. त्या काळी बिग टेनमधला (ही दोन्ही विद्यापीठं ज्या गटात खेळतात ती संघटना) एकच संघ मोसमानंतरच्या मानाच्या रोझ बोल सामन्याला जायचा, आणि दुसऱ्या क्रमांकाला काहीच नसायचं. कोण जाणार हे क्रीडा संचालकांनी मतदान करून ठरवलं आणि ओहायो स्टेटला पाठवलं. मिशिगन एकही सामना न हरता घरी बसलं. बो ते कधी विसरले नाहीत.

वुडींचा शेवट वाईट झाला. १९७८ च्या मोसमातल्या शेवटच्या सामन्यात त्यांनी समोरच्या संघाच्या खेळाडूला ठोसा मारला आणि त्यांची नोकरी गेली. बोंचा शेवट पुढच्या उत्तरात.

८. आजवरचा सगळ्यात मोठा सामना कोणता?

भावोजींना विचाराल तर १९६९. मला विचाराल तर २००६, जो मी पाहिला नाही. मी पुढच्या वर्षी आले, आणि आल्यापासून त्याबद्दल ऐकते आहे.

देशाच्या क्रमवारीत ओहायो स्टेट पहिल्या क्रमांकावर, मिशिगन दुसऱ्या, दोघेही ११–०, म्हणजे अकरा विजय आणि एकही हार नाही. इतिहासात या दोघांमध्ये असं कधी झालं नव्हतं. सामना शनिवारी १८ नोव्हेंबरला. आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, बो गेले. जे शहर आठवडाभर त्यांच्या संघाच्या नावाने बोटं मोडत होतं, त्याच कोलंबसच्या स्टेडियममध्ये दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी लोक स्तब्ध उभे राहिले. वुडींचा चेला तो, आपलाच माणूस.

ओहायो स्टेटने ४२–३९ असा जिंकला. त्याच संध्याकाळी ओहायो लॉटरीच्या चार आकडी सोडतीत नंबर निघाला ४२३९. हा योगायोग माझ्या शेजाऱ्याने मला किमान बारा वेळा सांगितला आहे. त्याने तिकीट काढलं नव्हतं, हे तो तेरावा योगायोग असल्यासारखं सांगतो.

९. आता बारा संघ राष्ट्रीय बाद फेरीत जातात. मग या एका सामन्याला पूर्वीची किंमत उरली आहे का?

कागदावर नाही. २०२४ च्या मोसमापासून बारा संघांना दार उघडलं, त्यामुळे एक सामना हरून मोसम संपत नाही. पण २०२४ साली जे झालं ते ऐका.

३० नोव्हेंबर, कोलंबस. ओहायो स्टेट वरच्या क्रमांकांत, मिशिगन पहिल्या पंचविसातही नाही, जुगाराच्या बाजारात त्यांना कुणी धरत नव्हतं. आधीची तीन वर्षं आम्ही हरलेलो, पण यंदा सगळे निर्धास्त. मी वरच्या मजल्यावर होते. हाडं गोठवणारी थंडी, खाली लोखंडी बाक, त्यावर पुठ्ठा. १०–१० असताना शेवटच्या मिनिटात मिशिगनने फील्ड गोल मारला आणि १३–१० झाले. माझ्या पुढच्या ओळीत एक आजोबा दिवसभर उभे होते. ते खाली बसले, पायावरचं पांघरूण काढून चार घड्या घातल्या, कडा जुळल्या नाहीत म्हणून परत उलगडलं आणि पुन्हा घातल्या. खाली मैदानात मारामारी चालू होती (प्रश्न १०), त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

सात आठवड्यांनी, २० जानेवारी २०२५ ला, त्याच ओहायो स्टेटने नोत्र दाम विद्यापीठाला ३४–२३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. देशात पहिले! शहरात जल्लोष झाला. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी पहिलं वाक्य ऐकलं ते असं: 'हो, पण मिशिगनकडून हरलोच ना.' हे ऐकल्यावर मला समजलं. इथे दोन वेगळी खाती आहेत. राष्ट्रीय विजेतेपदाची जमा या खात्यात वळती करता येत नाही. या खात्याची वजाबाकी भरून काढायची तर पुढच्या नोव्हेंबरपर्यंत थांबायचं.

थांबले. २०२५ ला ॲन आर्बरच्या बर्फात ओहायो स्टेट २७–९ जिंकलं. २०१९ नंतर पहिल्यांदा.

१०. मैदानात झेंडा रोवण्यावरून मारामारी झाली होती, ती काय भानगड?

२०२४ च्या त्याच सामन्यानंतर मिशिगनचे खेळाडू कोलंबसच्या मैदानाच्या मधोमध, ओहायो स्टेटच्या चिन्हावर, आपला झेंडा रोवायला गेले. २०२२ ला त्यांनी तो रोवलाही होता. या वेळी यजमान धावून गेले, धक्काबुक्की झाली, पोलिसांनी तिखटाचा फवारा मारला. बिग टेनने दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड केला. ओहायोतल्या एका आमदाराने तर झेंडा रोवणं हा गंभीर गुन्हा ठरवणारं विधेयकच मांडलं. माझं मत: पाहुण्याने चौकात झेंडा लावू नये, आणि यजमानाने हरल्यावर निदान हात उचलू नये. दोघंही चुकले. झालं.

११. एकूण कोण पुढे आहे?

मिशिगन. २०२५ पर्यंतची अधिकृत नोंद: मिशिगन ६२, ओहायो स्टेट ५२, बरोबरी ६.

पण यात एक खोच आहे आणि ती विचारून भावोजी दर वर्षी नव्या जावयाला गारद करतात. २०१० साली ओहायो स्टेट ३७–७ जिंकलं, लाखभर लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि तो विजय नोंदीतून पुसला गेला. काही खेळाडूंनी आपल्या आठवणीच्या वस्तू गोंदवून घेण्याच्या बदल्यात दिल्याचं उघड झालं. तेव्हा तसं करायला बंदी होती. प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना २०११ मध्ये जावं लागलं आणि त्या मोसमातले सगळे विजय रद्द ठरले. मिशिगनच्या नावावर तो सामना विजय म्हणून चढला नाही. फक्त यांचा उतरला. त्यामुळे बेरीज करताना एक सामना हरवतो, घाबरू नका.

त्या वस्तूंमध्ये काय होतं? 'सोन्याची चड्डी'. थट्टा नाही. १९३४ साली नवे प्रशिक्षक फ्रान्सिस श्मिट म्हणाले की मिशिगनवालेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून विजार चढवतात. त्या वर्षी ३४–० जिंकले आणि तेव्हापासून मिशिगनला हरवणाऱ्या प्रत्येक खेळाडूला नखाएवढी सोनेरी विजार मिळते. ती विकली, याचं इथल्या लोकांना नियमभंगापेक्षा जास्त लागलं.

१२. कॅम्पसवर सगळ्या पाट्यांवरच्या 'एम' अक्षरावर लाल फुल्या का मारल्यात? मी हॉस्टेल चुकलो.

गेमचा आठवडा. ओहायो स्टेटच्या कॅम्पसवर मिशिगनचं आद्याक्षर जिथे दिसेल तिथे लाल चिकटपट्टीची फुली. मेकॅनिकल, मेडिकल, म्युझिक, कुणाचीही सुटका नाही. पुढच्या आठवड्यात निघतात. नकाशा वापरा.

१३. रस्त्यात अनोळखी माणूस 'ओ-एच!' ओरडला. काय करायचं?

'आय-ओ!' म्हणायचं. बस. 'आव्वाज कुणाचा?' ऐकून आपण गप्प राहतो का? विमानतळावर, किराणा दुकानात, एकदा तर मुंबईला सांताक्रूझच्या सिग्नलला माझा टी-शर्ट बघून रिक्षातून एक मुलगा ओरडला होता. उत्तर दिलं.

मिशिगनवाले भेटले तर ते 'गो ब्लू' म्हणतात. उत्तरही तेच. कल्पनाशक्ती आमच्याकडे जास्त आहे.

१४. बँडचं एवढं काय कौतुक?

ओहायो स्टेटचा बँड चालत चालत मैदानावर 'ओहायो' हा शब्द सलग इंग्रजी लिपीत लिहितो, १९३६ पासून. शेवटी एक सूसाफोनवाला (सूसाफोन म्हणजे अंगाभोवती वेटोळं घालणारं भलंमोठं फुंकवाद्य) ऐटीत पुढे येतो आणि 'आय'वरचा टिंब होऊन कमरेत वाकतो. शहाऐंशी किलोचा माणूस टिंब होतो आणि लाख लोक वेडे होतात. ढोलताशा पथकात ज्याने टोल धरला आहे त्याला हे एका क्षणात कळेल. ताईची पुरवणी: 'ओहायो' हा शब्द मैदानावर आधी मिशिगनच्या बँडने लिहिला होता, १९३२ साली. खरं आहे. पण टिंब आमचा.

१५. २०२० साली का झाला नाही?

करोना. मिशिगनच्या संघात लागण वाढली आणि त्यांनी सामना सोडला. ओहायो स्टेटचे सामने कमी पडत होते, म्हणून बिग टेनने किमान सामन्यांचा स्वतःचा नियम बदलून त्यांना अंतिम फेरीत नेलं. मिशिगन मुद्दाम टाळत होतं असं कोलंबसमधले अर्धे लोक अजून म्हणतात. मी त्या अर्ध्यांत नाही. फार नाही.

१६. बरोबरी झाली तर?

१९९६ पासून बरोबरी बंद, जादा डाव. दोघांनाही समोरच्याच्या २५ यार्डांवरून एकेक संधी. दुसऱ्या जादा डावात टचडाऊननंतर दोन गुणांचाच प्रयत्न करावा लागतो, तिसऱ्यापासून तर नुसते दोन गुणांचे प्रयत्न, एकेक, कुणी चुकेपर्यंत. २०१६ साली हे पाहिलं: दोन जादा डाव, ओहायो स्टेट ३०–२७. मधे चौथ्या डाऊनला चेंडू रेषेपर्यंत पोचला की वीतभर कमी पडला यावर पंचांनी चित्रफीत तपासली आणि 'पोचला' म्हटलं. ताईच्या मते अजूनही तो कमीच आहे.

१७. दोघे एकाच मोसमात पुन्हा भेटू शकतात का?

हो, आणि हे नवीन आहे. २०२४ पासून बिग टेनमध्ये अठरा संघ आहेत, गट नाहीत, आणि पहिले दोन संघ इंडियानापोलिसला अंतिम सामना खेळतात. म्हणजे शनिवारी 'गेम' आणि पुढच्याच शनिवारी तेच दोघे पुन्हा. त्यावर बाद फेरीत गाठ पडली तर तिसऱ्यांदा. अजून असं घडलेलं नाही. घडू नये. गौरीजेवण महिन्यात दोनदा घातलं तर त्याला गौरीजेवण कोण म्हणेल?

१८. खेळाडूंना पैसे मिळतात का? हे तर विद्यार्थी ना?

मिळतात. जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमवायची मुभा आहे, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठंही थेट पैसे देतात. प्रश्न ११ मधल्या मुलांनी जे केलं ते आज केलं असतं तर बातमीही झाली नसती.

१९. निळा स्वेटर चालेल का? एकच गरम आहे.

कोलंबसला: नाही. लाल किंवा करडा घाला. फक्त निळा असेल तर वरून पोंचो. निळ्यासोबत चुकून पिवळी शाल घेऊ नका, ते मिशिगनचे रंग. एक काकू पैठणीच्या रंगाची जोडी म्हणून तसंच नेसून आल्या आणि पार्किंगपासून दारापर्यंत लोक त्यांना प्रेमाने 'बू' करत होते. त्यांना वाटलं, स्वागत. हात वर करून नमस्कार करत गेल्या.

ॲन आर्बरला लाल घालून जाल तर मारत नाहीत, बोलतात. हसा आणि पुढे चला.

२०. स्टेडियमला जायचंय. काय न्यायचं? टेलगेटला शाकाहारी काय मिळेल?

कपडे थराथराने घाला, पायात लोकरीचे दोन मोजे, हातात गरम होणाऱ्या पुड्या. त्या बुटात, बोटांच्या वर ठेवायच्या. तळव्याखाली ठेवल्यात तर टोचतात. बाक थंडगार असतं, म्हणून बसायला पुठ्ठा. कोलंबसला आरपार दिसणारी पिशवीच चालते. ॲन आर्बरला पिशवी नेऊच नका. थर्मासचा चहा दारावर ओतून टाकावा लागतो, म्हणून तो आधीच संपवा.

टेलगेट म्हणजे गाडीची मागची फळी पाडून पार्किंगमध्ये सकाळपासून मांडलेला संसार. शेगडी, खुर्च्या, टीव्हीसुद्धा. शाकाहारी फार काही नसतं, पण 'बकाय' नावाची पीनट बटरची चॉकलेटात बुडवलेली गोळी मिळेल. आकार इथल्या राज्यवृक्षाच्या बीसारखा, त्याच झाडावरून लोकांना बकाय म्हणतात. आम्ही साबुदाणा वडे नेतो. तळून नेले तर मऊ पडतात, म्हणून पीठ नेऊन तिथेच तळतो. शेजारचा ट्रकवाला दर वर्षी दोन वडे आणि 'ती हिरवी' मागायला येतो. हिरवी म्हणजे चटणी. तिला आमच्या नावाची गरज उरलेली नाही.

२१. भारतातून बघायचं तर किती वाजता?

दुपारी बाराचा सामना म्हणजे आपल्याकडे शनिवारी रात्री साडेदहा. संपायला दोन वाजतात. रविवार आहे, झोपा उशिरापर्यंत.

२२. मुलगी मिशिगनला, मुलगा ओहायो स्टेटला. आम्ही आईबाबांनी काय करायचं?

हा प्रश्न दर वर्षी निदान तिघे विचारतात. दोन्ही चिन्हं अर्धी अर्धी शिवलेले शर्ट बाजारात मिळतात. घेऊ नका. दोन्ही मुलं रागावतात.

आमच्याकडची पद्धत सांगते. थँक्सगिव्हिंगला दोन्ही घरं एकत्र, जिथे सामना त्याच राज्यात. शुक्रवारी रात्री बाराला बोलणं थांबतं. शनिवारी दोन खोल्यांत दोन टीव्ही, मधल्या पॅसेजमध्ये खाणं. जो हरेल तो भांडी घासतो, आणि पुढच्या वर्षीपर्यंत फ्रिजवर जिंकणाऱ्याचं चुंबक. २०२१ ते २०२४ चार वर्षं माझ्या फ्रिजवर पिवळा 'एम' होता. मी त्यावर दुधाचं बिल अडकवायचे. गेल्या नोव्हेंबरात ताईकडे, नोव्हीला, भावोजींनी बाही वर करून पहिलं पातेलं घेतलं तेव्हा बाहेर बर्फ पडत होता आणि मी खिशातलं लाल 'ओ' काढून त्यांच्या फ्रिजवर, अगदी मधोमध, लावत होते.

'जरा डावीकडे,' ते म्हणाले. 'तिथे नातीचं चित्र आहे.'